संडेज नदीच्या खोऱ्यातले सर पर्सी

अ‍ॅडोच्या हत्ती उद्यानात शिरण्याआधी खाण्याचा डबा एकदा उघडून पाहावा लागतो. संत्रं, मोसंबी, लिंबू यांना आत बंदी आहे. नियम ऐकून हसू येतं, पण त्याला कारण आहे. १९३१ साली हे उद्यान जाहीर झालं तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या या कोपऱ्यात अवघे अकरा हत्ती उरले होते. ते आसपासच्या बागांमध्ये घुसू नयेत म्हणून त्यांना उद्यानातच खायला घालायला सुरुवात झाली. गवत, भोपळे, आणि शेजारच्या बागांमधली संत्री. हत्तींना संत्र्यांची अशी काही चटक लागली की पुढे ते फळांसाठी एकमेकांना ढुशा देऊ लागले, गाड्यांपाशी येऊ लागले. अखेर १९७०च्या दशकाच्या शेवटी फळं टाकणं थांबवलं गेलं. बंदी मात्र आजही आहे.

हत्ती या खोऱ्यात पूर्वापार होते. संत्री आणली ती माणसांनी, आणि त्यातही मोठ्या इरेने आणली ती एका अशा गृहस्थाने, ज्याच्या कमाईची सुरुवात केपटाउनमधल्या बँकेच्या टेबलावर झाली होती. सर पर्सी फिट्झपॅट्रिक. कुत्र्याच्या गोष्टीचं पुस्तक लिहिणारा म्हणून दक्षिण आफ्रिकेत हे नाव घरोघरी माहीत आहे. बागाईतदार म्हणून त्याला ओळखणारे कमी. मी गेलो होतो तो या दुसऱ्या फिट्झपॅट्रिकच्या मागावर.

पोर्ट एलिझाबेथहून निघायचं. या शहराचं नाव २०२१ पासून अधिकृतपणे गेबेऱ्हा झालं आहे. खोसा भाषेत त्याच्या सुरुवातीला जिभेचा एक टाळा वाजतो, तो आपल्याला काही केल्या जमत नाही. शहर सोडून आर-३३५ रस्त्याला लागलं की आधी मदरवेलची मैलभर पसरलेली बैठी घरं लागतात. रस्त्यात खड्डे इतके की आमचा चालक सरळ रेषेत गाडी चालवणं हा गुन्हा असल्यासारखा नागमोडी जात होता. मग वस्ती संपते आणि झुडपांचं रान सुरू होतं. उंची माणसापेक्षा थोडी जास्त, पण इतकं गच्च की शेळीसुद्धा विचार करून आत शिरेल. त्यातलं मुख्य झाड स्पेकबूम. त्याची पानं बोटाच्या पेराएवढी, जाड, पाण्याने भरलेली. चावून पाहिलं तर आंबट लागतं, आपल्या घोळीच्या भाजीसारखं. हत्तींचा इथला मुख्य चारा हाच.

आणि मग एका वळणानंतर रान थांबतं. समोर उंच झाडांच्या सरळ भिंती उभ्या राहतात. वाऱ्याने फळं फांद्यांवर घासून सालीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या या वारारोधक रांगा, आणि त्यांच्या आड काळपट हिरव्या बागा. काही बागांवर पांढरी जाळी ताणलेली. पावसाचं मान इथं आपल्या माणदेशापेक्षाही कमी. तरी एवढी हिरवाई, म्हणजे पाणी कुठून तरी आणलेलं आहे हे सांगायला नको. ते कुठून आणलं, त्याआधी किती वर्षं नुसतं कागदावर होतं, आणि त्या कागदावर विसंबून कोण कोण इथं आलं, हीच या खोऱ्याची गोष्ट.

पर्सी फिट्झपॅट्रिकचा जन्म २४ जुलै १८६२ चा, केप वसाहतीतल्या किंग विल्यम्स टाउनचा. वडील आयरिश, वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश. मुलाचं काही शिक्षण इंग्लंडमध्ये, काही ग्रॅहम्सटाउनला. १८८० मध्ये वडील गेले आणि घरची जबाबदारी अंगावर आली. अठराव्या वर्षी त्याने केपटाउनच्या स्टँडर्ड बँकेत नोकरी धरली. न्यायाधीशाच्या मुलाला शोभेल अशी, पांढऱ्या कॉलरची, निवृत्तीपर्यंत हळूहळू वर चढत जाणारी. चार वर्षांत त्याने ती सोडली. पूर्व ट्रान्सवालमध्ये सोनं सापडल्याच्या बातम्या येत होत्या आणि बाविशीच्या आतबाहेरच्या पोरांना खतावणीत कोण बांधून ठेवणार?

सोनं त्याला मिळालं नाही. मिळाली ती बैलगाडी. डेलागोआच्या उपसागरापासून, म्हणजे आजच्या मापुटोपासून, लिडेनबर्ग आणि बार्बर्टनच्या खाणींपर्यंत माल वाहून नेणाऱ्या गाडीवानांपैकी तो एक झाला. या गाड्या आपल्या कल्पनेतल्या नव्हेत. एकेका गाडीला सोळा-सोळा बैल, पुढे वाट दाखवणारा पोरगा, बाजूने लांबलचक चाबूक घेतलेला हाक्या, आणि वाटेत हिवताप, सिंह आणि त्सेत्से माशी. या माशीच्या चाव्याने बैल झुरत झुरत मरतात. शेवटी तसंच झालं. त्याचे बैल एकामागून एक बसले ते उठलेच नाहीत, आणि बँक सोडून आलेला हा तरुण बार्बर्टनला पोचला तेव्हा खिशात काही उरलं नव्हतं.

या गाडीवानीच्या दिवसांत जॉक नावाचा कुत्रा त्याच्याबरोबर होता. कुत्रीच्या विणीतलं सगळ्यात दुबळं, कोणी न घेतलेलं पिल्लू. पुढे मुलांना झोपताना सांगितलेल्या त्याच्या गोष्टी फिट्झपॅट्रिकने लिहून काढाव्यात म्हणून लकडा लावला तो मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने. १९०७ साली ‘जॉक ऑफ द बुशवेल्ड’ निघालं आणि तेव्हापासून छापलं जातंच आहे. चित्रं काढली एडमंड कॉल्डवेलने. पहिल्या आवृत्तीतल्या एका चित्रात शेणकिडा गोळा पुढच्या पायांनी ढकलताना दाखवला होता. शेणकिडा उलटा होऊन मागच्या पायांनी गोळा लोटतो, हे कोणीतरी लक्षात आणून दिलं आणि पुढच्या आवृत्तीत चित्र बदललं. जुनी पुस्तकं जमवणारे पहिली आवृत्ती खरी की खोटी ते या किड्याच्या पायांवरून ओळखतात. गंमत अशी की अ‍ॅडोच्या उद्यानात आज हत्तीच्या शेणावर जगणाऱ्या, उडता न येणाऱ्या एका दुर्मीळ शेणकिड्याला रस्त्यावर पहिला हक्क आहे. तशा पाट्याच लावल्या आहेत. आमच्या चालकाने त्यांच्यासाठी दोनदा गाडी थांबवली. खड्ड्यांसाठी त्याने एवढी अदब दाखवली नव्हती.

बार्बर्टननंतरची त्याची कारकीर्द भरभर सांगून टाकतो, कारण ती इतिहासाच्या पुस्तकात आहे. १८८९ मध्ये लिलियन क्यूबिटशी लग्न. मग जोहान्सबर्ग, तिथं सोन्याच्या खाणींच्या बड्या पेढीत शिरकाव, पुढे तिथलाच भागीदार. १८९५ च्या अखेरीस ट्रान्सवालचे अध्यक्ष क्रूगर यांचं बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्यांचं, सरकार उलथवण्यासाठी जेमसनने केलेली फसलेली स्वारी. तिच्याशी संगनमत असलेल्या जोहान्सबर्गच्या समितीचा चिटणीस हाच होता. तुरुंग झाला, दोन हजार पौंड दंड झाला, आणि काही महिन्यांत सुटकाही. १८९९ मध्ये ‘द ट्रान्सवाल फ्रॉम विदिन’ लिहून त्याने इंग्लंडमधलं मत बोअर सरकारविरुद्ध तापवलं. इंग्रज-बोअर युद्ध संपताच १९०२ मध्ये ‘सर’ झाला. १९०७ मध्ये ट्रान्सवालच्या विधानसभेत निवडून आला. याच सभागृहाने त्या वर्षी आशियाई लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा बिनविरोध केला, आणि त्याविरुद्ध गांधीजींनी जोहान्सबर्गमध्ये सत्याग्रह चालवला. १९१० च्या निवडणुकीत फिट्झपॅट्रिकने थेट पंतप्रधान बोथालाच त्याच्या मतदारसंघात हरवलं.

असा माणूस पन्नाशीत शेतीकडे वळतो म्हटल्यावर आपल्याला वाटतं, दगदगीला कंटाळला असेल, मातीची ओढ लागली असेल. थोडी ती होतीही. हॅरिस्मिथजवळ त्याने आधीच एक मोठं शेत घेतलं होतं. पण संडेज नदीच्या खोऱ्यात तो उतरला तो एक कंपनी घेऊन. १९१३ साली निघालेली संडेज रिव्हर सेटलमेंट्स कंपनी. मागचं राजकारण उघड होतं. नव्या संघराज्यात गोऱ्यांमध्ये बोअर बहुसंख्य होते. इंग्रजी बोलणारी कुटुंबं जमिनीवर आणून बसवली नाहीत तर मतपेटीत इंग्रजांचं काही चालणार नाही, ही ब्रिटिश उच्चायुक्त मिल्नरपासूनची काळजी होती, आणि फिट्झपॅट्रिक मिल्नरच्याच परंपरेतला. त्याला संत्र्यांपेक्षा संत्री लावणारी माणसं हवी होती, असं म्हटलं तर ते अन्यायाचं होणार नाही.

खोऱ्याची ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. पोर्ट एलिझाबेथचा लिलावदार जेम्स सोमर्स कर्कवुड १८७७ मध्ये एका टेकडीवर चढला, खाली पसरलेलं झुडपांचं रान आणि नदीची वळणं पाहिली, आणि इथं फळबागा होतील असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने जमिनी घेतल्या, पाटबंधाऱ्याची कंपनी काढली, भाग विकत घ्यायला फारसं कोणी आलं नाही आणि तो बुडाला. खोऱ्यातल्या मुख्य गावाला आज त्याचंच नाव आहे. फिट्झपॅट्रिक तो बुडाल्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी आला. बरोबर पैसा होता, लंडनमध्ये ओळखी होत्या, आणि विकायची कला होती.

पण कर्कवुडने टेकडीवरून पाहिलं तेव्हा हे रान रिकामं का होतं? ते रिकामं केलं गेलं होतं म्हणून. १८११-१२ च्या स्वारीत ब्रिटिश फौजेने या झुडपांमधून खोसा टोळ्यांना फिश नदीपलीकडे हाकललं. घरं जाळली, उभी पिकं तुडवली. त्यांतल्या एका टोळीचा म्हातारा सरदार चुंगवा आजारी असताना इथंच, अ‍ॅडोच्या रानात, गोळी घालून मारला गेला. त्याही आधी गुरं राखणारे खोईखोई इथले. आणि ज्या १९१३ साली फिट्झपॅट्रिकची कंपनी निघाली त्याच साली नेटिव्हज लँड अ‍ॅक्ट आला. देशातल्या सुमारे सात टक्के जमिनीबाहेर काळ्या माणसाने जमीन घ्यायची नाही, असा तो कायदा. केप प्रांतात तो काळ्यांना असलेल्या मतदानाच्या हक्कामुळे पूर्णपणे लागू होऊ शकला नाही, पण वारं कुठल्या दिशेचं होतं ते स्पष्ट होतं. एकीकडे सहा हजार मैलांवरून माणसं बोलावून त्यांना तुकडे विकायचे आणि दुसरीकडे इथल्यांना घेऊ द्यायचे नाहीत.

पहिल्या महायुद्धाने सगळं लांबलं. युद्ध संपल्यावर मात्र कंपनीला हवं तसं गिऱ्हाईक मिळालं. सैन्यातून सुटलेले, हातात थोडी पुंजी असलेले इंग्रज अधिकारी, त्यांच्या बायका, पेटारे, काहींचे पियानो. त्यातल्या बहुतेकांनी जन्मात कुदळ धरली नव्हती. वर ऊन, खाली सुपीक गाळाची जमीन, आणि नदीवर सरकार बांधत असलेलं धरण, हे सगळं त्यांना सांगितलेलं होतं आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. सांगायचं राहिलं ते एवढंच की संडेज ही कारूच्या वाळवंटी पठारावरून येणारी नदी आहे. ती दोन दिवस दोन्ही थड्या भरून वाहते आणि मग दोन वर्षं वाहत नाही. वाहते तेव्हा पाण्याइतकाच गाळ आणते.

धरणाचं काम १९१८ मध्ये सुरू झालं, त्यात इन्फ्लुएन्झाची साथ आली, मजूर मेले, पळाले. १९२२ मध्ये भिंत उभी राहिली. लेक मेंट्झ असं नाव दिलं. आणि मग पाऊस आला नाही. भिंत कोरड्या खोऱ्याकडे तोंड करून तशीच उभी. खाली तीन-चार वर्षांची कलमं वाळू लागली. संत्र्याला पाचव्या-सहाव्या वर्षापासून धरण्याजोगं फळ येतं. तोवर नुसता खर्च, हे आपल्याकडच्या कुठल्याही बागाईतदाराला ठाऊक आहे. नव्या वसाहतवाल्यांची पुंजी त्या आधीच संपली. काहींनी कोंबड्या पाळल्या, काहींनी भाज्या विकल्या, पुष्कळांनी गाशा गुंडाळला. कंपनी डबघाईला आली, सरकारला मध्ये पडावं लागलं. पुढे धरण भरलं तेव्हा गाळही भरला. साठा टिकवायला भिंतीची उंची दोनदा वाढवावी लागली. आता त्याचं नाव डार्लिंग्टन धरण, बुडालेल्या एका शेताच्या नावावरून.

माझ्या मते इथं फिट्झपॅट्रिकचं खरं दर्शन होतं. त्याने बँक सोडली असं चरित्रकार कौतुकाने लिहितात. बँक त्याने सोडली, पण भविष्यातल्या उत्पन्नावर आज पैसा उभा करायचा हा बँकेचा आणि खाणीचा मूळ धडा त्याने शेतीत जसाच्या तसा आणला. खाणीत ते चालतं, कारण सोनं जमिनीखाली असतं ते तिथंच राहतं. नदीतल्या पाण्याचं तसं नाही. आणखी एक गोष्ट खटकते. त्याची स्वतःची बाग या खोऱ्यात नव्हती. ती होती जवळच, युटेनहेगच्या बाजूला, अमांझी इथं. अमांझी म्हणजे खोसात पाणी. तिथं जमिनीतून बारमाही झरे फुटतात. इतके जुने की त्यांच्या काठी लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाची दगडी हत्यारं उत्खननात सापडली आहेत. स्वतःच्या झाडांना झऱ्याचं पाणी आणि लोकांच्या झाडांना धरणाचा भरवसा. हे त्याने कपटाने केलं असं मी म्हणणार नाही, कारण स्वतःचा पैसा आणि नाव दोन्ही त्याने या योजनेत घातलं होतं आणि दोन्हींना चांगलाच फटका बसला. पण वसाहतवाल्यांना ते दिसत नसेल असं थोडंच आहे.

या धामधुमीत हत्तींचाही निकाल लावला गेला. नवीन शेतं आली, कुंपणं आली, पाण्याच्या टाक्या आल्या. हत्तींनी ती तुडवली. शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या आणि सरकारने १९१९ मध्ये मेजर पी. जे. प्रिटोरियस या नामांकित शिकाऱ्याला नेमलं. त्याने वर्षभराच्या आसपास ११४ हत्ती मारले. झुडपं इतकी दाट की त्याला हत्ती दिसायचा तो काही पावलांवर आल्यावरच. उरले सोळाच्या आसपास. तेवढ्यात लोकमत फिरलं, म्हणून ते वाचले. पुढे १९५४ मध्ये ग्रॅहॅम आर्मस्ट्राँग या उद्यान अधिकाऱ्याने जुने ट्रामचे रूळ खांब म्हणून रोवून आणि लिफ्टच्या पोलादी दोरांनी ते गुंफून हत्तीलाही तोडता येणार नाही असं कुंपण बनवलं, तेव्हा कुठे बागाईतदार आणि हत्ती यांच्यात तह झाला. जुन्या कुंपणाचा एक भाग अजून पाहायला मिळतो. आज उद्यानात सहाशेहून जास्त हत्ती आहेत. जवळपास सगळे त्या मूठभरांचे वंशज. बहुतेक माद्यांना सुळे नाहीत. पाणवठ्यावर एक कळप तासभर पाहिला, त्यात सुळेवाली एकही नव्हती.

फिट्झपॅट्रिकची समाधी खोऱ्यावरच्या टेकडीवर आहे, ‘आउटलुक’ नावाच्या ठिकाणी. रस्ता कच्चा, पाटी लहान. शेजारी लिलियन आहे, जी १९२३ मध्ये गेली. थोरला मुलगा नुजेंट डिसेंबर १९१७ मध्ये फ्रान्सच्या रणांगणात पडला. दुसरे दोघे मुलगेही बापाच्या हयातीतच गेले. युद्धाच्या काळात केपटाउनमध्ये रोज दुपारी तोफ झाली की सगळं शहर काही क्षण थांबत असे. युद्ध संपल्यावर फिट्झपॅट्रिकने ही प्रथा लॉर्ड मिल्नरमार्फत राजापुढे मांडली, आणि ११ नोव्हेंबर १९१९ पासून ब्रिटिश साम्राज्यात मृत सैनिकांसाठी दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली. मराठी शाळेच्या पटांगणावर आपण जे दोन मिनिटं उभे राहतो त्याचा एक धागा या टेकडीपर्यंत येतो. तो स्वतः २४ जानेवारी १९३१ रोजी अमांझीला वारला.

टेकडीवरून दिसतं ते मात्र त्याने विकलं होतं तसंच आहे. उत्तरेला झुअरबर्गची निळी रांग, खाली नदीची वेटोळी, आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत बागा. स्पेनच्या खालोखाल जगात सर्वाधिक ताजी लिंबूवर्गीय फळं निर्यात करणारा देश दक्षिण आफ्रिका आहे, आणि त्यात या खोऱ्याचा वाटा मोठा. आपल्या वाशीच्या बाजारात उन्हाळा सरल्यावर जी गुळगुळीत, जाड सालीची, स्टिकर लावलेली संत्री दिसतात त्यात इथलीही असू शकतात. ती नागपुरी संत्र्याची भावकी नव्हे. मोसंबीच्या कुळातली, नेव्हल आणि व्हॅलेन्सिया. साल सुरीने काढावी लागते, पण महिना-महिना बोटीत टिकतात.

तोडणी पाहायची म्हणून सकाळी लवकर एका बागेत गेलो तर काम सुरूच नव्हतं. साठ-सत्तर माणसं, निम्म्याहून जास्त बायका, बागेच्या कडेला शेकोट्या करून बसलेली. जूनची थंडी होती आणि फळांवर दव. ओलं फळ तोडायचं नाही, हा इथला कडक नियम. दवाने साल फुगलेली असते. जरा दाबलं तरी तिच्यातल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात, आणि ते तेल सालीलाच भाजून काढतं. तोडताना काही दिसत नाही. डाग दिसतात ते नंतर पेटीत. म्हणून मुकादम फळावरून हात फिरवून पाहत होता आणि नकारार्थी मान हलवत होता. नऊ वाजून गेल्यावर इशारा झाला. मग मात्र हात असे चालू लागले की बघत राहावं. प्रत्येकीच्या गळ्यात कॅनव्हासची झोळी, हातात वाकड्या टोकाची छोटी कात्री. फळाला दोन काप: पहिला फांदीपासून, दुसरा देठ सालीबरोबर सपाट करायला. देठाचा टोकदार तुकडा राहिला तर झोळीतल्या दुसऱ्या फळाला भोसकतो. झोळी भरली की मोठ्या खोक्यावर वाकायचं, तळाची कडी सोडायची, आणि फळं न आपटता खाली घरंगळू द्यायची. ओतली तर मुकादम ओरडतो.

“दव उतरेपर्यंतचे पैसे मिळतात का?” मी एकीला विचारलं. आमच्या चालकाने खोसात भाषांतर केलं. शेकोटीपाशी हशा पिकला. उत्तर चालकाने बराच वेळ दिलं नाही, मग म्हणाला, “त्या म्हणतात, पाहुण्याला चहा द्या.”

या बायका राहतात त्या वस्त्यांपैकी एकीचं नाव चक्क व्हॅलेन्सिया आहे. शेजारी नोमाथामसांका. हंगामात ट्रान्सकाय भागातून हजारो माणसं येतात, आणि हंगाम सरला की परत जातात. आपल्याकडे ऊसतोडीला बीडहून टोळ्या निघतात तसं. २०१८ च्या हंगामात तासाला २० रँड मजुरी द्या म्हणून खोऱ्यात मोठा संप झाला, रस्ते अडवले गेले, जाळपोळ झाली. त्या वेळचं कोणी फारसं बोलत नाही, पण बागांच्या फाटकांवर रखवालदार दिसतात ते तेव्हापासून वाढले, असं एका बागाईतदाराने सांगितलं. हे गृहस्थ वसाहतवाल्यांच्या तिसऱ्या पिढीतले. आजोबा लढाईवरून आले, आजीने कोंबड्यांवर संसार काढला. फिट्झपॅट्रिकविषयी विचारलं तर म्हणाले, “आमच्या घरात त्याचं पुस्तक ठेवत नसत.” मग स्वतःच हसून म्हणाले, “मी नातवाला घेऊन दिलं.”

खोरं तगलं ते दोन गोष्टींमुळे. एक, १९२४ मध्ये बागाईतदारांनी मिळून काढलेली फळांची सहकारी संस्था. वेष्टन, प्रतवारी, विक्री एकत्र. आज ती कंपनी झाली आहे आणि देशातल्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांत मोडते. आपल्या साखर कारखान्यांचा अनुभव असलेल्या माणसाला तिचं पॅकहाऊस पाहताना पुष्कळ ओळखीचं वाटतं. दुसरी गोष्ट पाणी, आणि तेही संडेजचं नव्हे. लेसोथोच्या पर्वतात उगम पावून पश्चिमेला अटलांटिककडे जाणारी ऑरेंज नदी अडवून गारीप धरण बांधलं, आणि तिथून पाणी डोंगराखालून दक्षिणेकडे वळवलं. १९७५ मध्ये पुरा झालेला हा बोगदा ८२.८ किलोमीटर लांब आहे. त्यातून पाणी ग्रेट फिश नदीत पडतं, मग दुसऱ्या बोगद्यातून लिटल फिशमध्ये, तिथून कालव्याने डार्लिंग्टन धरणात, आणि तिथून सुटून कर्कवुडच्या वरच्या बंधाऱ्याला अडून पाटात. फिट्झपॅट्रिकने दिलेला शब्द पुरा झाला तो त्याच्या मृत्यूनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी, आणि तोही सरकारी तिजोरीतून. त्या वेळचं सरकार वर्णभेदाचं होतं आणि पाटावरची जमीन जवळपास सगळी गोऱ्यांची, हेही त्यात आलंच. १९९४ नंतर काही बागा मजुरांच्या न्यासांकडे गेल्या आहेत, त्यांच्या फळांनाही हेच पॅकहाऊस लागतं.

बागाईतदारांना पाणी वाटून मिळतं ते हेक्टरी ठरलेलं, मोजून. आता त्यात नवा वाटेकरी आला आहे. पोर्ट एलिझाबेथच्या आसपासची धरणं २०१५ नंतरच्या दुष्काळात तळाला गेली, तेव्हा याच पाटाचं पाणी अ‍ॅडोजवळच्या नोइटगेडाख्ट केंद्रात शुद्ध करून शहराला पोचवण्याची योजना वाढवून पुरी केली गेली. आमच्या हॉटेलात नळाशेजारी सूचना चिकटवलेली होती: अंघोळ दोन मिनिटांत आटपा, बादली खाली ठेवा. मी स्वागतकक्षात विचारलं की हे पाणी कुठलं. मुलीने सांगितलं, पलीकडच्या भागाला धरणाचं, आपल्याला ऑरेंजचं. आणि पलीकडे आज आलेलं नाही.